'लोक काय म्हणतील' डोक्यातून जात नाही. नेमकं करायचं काय?

सरळरेषा (धागाकर्ता)

"लोकांचा विचार करू नकोस, आहेस तसा राहा" हा सल्ला ज्याला-त्याला मिळतो आणि तिथेच संपतो. सुरुवात कुठून करायची, अडलं तर नेमकं कुठे चुकतंय, यावर कुणी बोलत नाही. या धाग्यावर तेवढंच बोलूया.

चर्चा भरकटू नये म्हणून तीन प्रसंग धरू. पहिला: बैठकीत सगळ्यांचं एकमत झाल्यासारखं दिसतंय आणि आपलं मत वेगळं आहे. दुसरा: आपल्या आवडीची एखादी गोष्ट, मग ते कपडे असोत, छंद असो की बोलण्याची ढब, आजूबाजूच्यांना विचित्र वाटते. तिसरा: नाही म्हणायचं असतं आणि समोरचा नाराज होईल म्हणून तोंडातून हो निघून जातं.

माझं मत असं की यात धैर्याचा भाग कमी आणि सरावाचा जास्त आहे. पटत नसेल तर जरूर सांगा, पण कारणासकट.

अवलिया

दुर्लक्ष करायचं. संपला विषय.

टाचणी

अवलिया, दुर्लक्ष कर म्हटल्याने ते होत नाही, हीच तर अडचण आहे. डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार दाबायचा तर तो आलाय का हे मनाला सतत तपासावं लागतं, आणि तपासण्यासाठी तो पुन्हा समोर आणावा लागतो. 'कोण काय म्हणेल याचा विचार करायचा नाही' हे त्याच जातीचं अस्वल आहे.

अवलिया

अस्वल मान्य. मग पर्याय सांगा. :)

मीमांसक

पर्यायाआधी एक गोष्ट नक्की करू, नाहीतर ध्येयच चुकीचं ठरेल. दुसऱ्याच्या मताचा फरक पडणं हा बिघाड नाही. मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये मांडलं की स्वाभिमान हा मुळात एक मोजमापक आहे. गटात आपल्याला किती सामावून घेतलंय याची तो सतत नोंद घेतो आणि नाकारलं जाण्याची चाहूल लागली की काटा खाली येतो. २००३मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला लावला. बाकीचे 'खेळाडू' चेंडू देईनासे झाले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा मेंदूचा एक भाग जास्त सक्रिय दिसला. तो भाग इतरही बरीच कामं करतो, त्यामुळे 'नकार म्हणजे वेदनाच' असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. पण अनोळखी लोकांनी एका क्षुल्लक खेळातून वगळलं तरी माणसाला लागतं, हे नक्की.

म्हणून 'काहीच वाटू नये' हे ध्येय सोडून द्या. वाटेल. वाटत असतानाही ठरवलेली गोष्ट करता येणं, एवढंच साधायचं आहे.

कुतूहल

मीमांसक यांच्याशी सहमत. पण तो काटा बऱ्याचदा चुकीचं दाखवतो, हेही सांगायला हवं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २०००चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात टीशर्टवर कोण आहे हे सांगता आलं साधारण पाव लोकांना.

कारण सोपं आहे. आपला टीशर्ट आपल्या डोक्यात इतका मोठा झालेला असतो की अंदाज तिथून सुरू होतो आणि आपण तो पुरेसा खाली आणत नाही. समोरचा त्या वेळी स्वतःच्या टीशर्टची काळजी करत असतो.

धूसर

पण पाव लोकांना तरी दिसलंच ना? दहा जणांत दोन-तीन. त्यातल्या एकाने टोमणा मारला की पुरे होतं. 'कुणी बघत नाही' असं सांगणं मला खोटा दिलासा वाटतो.

कुतूहल

रास्त मुद्दा. 'कुणी बघत नाही' हे खरंच चुकीचं आहे, 'वाटतं त्यापेक्षा कमी बघतात' एवढंच म्हणता येतं. आणि दिसणं, त्यावर मत बनणं, ते मत टिकणं आणि त्यावरून आपल्याशी वागणं बदलणं, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. भीती वाटते तेव्हा आपण पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारतो.

दुसऱ्या प्रसंगासाठी याच संशोधनातली एक कामाची गोष्ट. टीशर्ट घालून लगेच खोलीत न जाता थोडा वेळ थांबलेल्यांचा अंदाज कमी निघाला, कारण तोवर त्यांना स्वतःलाच त्याची सवय झाली होती. म्हणून नवीन कपडे, नवी केशरचना, काहीही असो, पहिल्यांदा थेट गर्दीत जाऊ नका. घरात घालून रोजची कामं करा, मग ज्यांच्यात अवघडल्यासारखं होत नाही अशा एक-दोघांत, मग बाहेर. आरशासमोर उभं राहून मात्र सवय करू नका. तिथे नजर पुन्हा स्वतःवरच खिळते.

पाऊलवाट

आरशाचा मुद्दा निघालाच आहे तर मूळ यंत्रणेकडे येते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये सामाजिक भीतीचं प्रारूप मांडलं. उपचारासाठी केलेलं असलं तरी साध्या संकोचालाही ते लागू पडतं. त्याचा गाभा असा: लोकांसमोर गेलं की लक्ष आत वळतं. छातीची धडधड, गरम झालेले कान, आवाजातला कंप. मग या आतल्या जाणिवांवरून आपण बाहेरून कसे दिसतोय याचं चित्र मनात रंगवतो आणि तेच खरं मानतो. समोरच्याचा चेहरा बघितलेलाच नसतो!

त्यावर भर म्हणजे बचावाच्या क्रिया. हात थरथरेल म्हणून पेला घट्ट धरायचा. पण स्नायू आवळले की थरथर वाढते. काही चुकीचं बोललं जाऊ नये म्हणून पुढचं वाक्य मनात घोकायचं. त्या नादात समोरच्याचं बोलणं निसटतं आणि आपण तुटक वाटतो. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून हळू बोलायचं. मग ऐकू आलं नाही म्हणून सगळे पुढे वाकून आपल्याकडेच बघतात. ज्याची भीती तेच या क्रिया घडवून आणतात. आणि प्रसंग नीट पार पडला तरी श्रेय क्रियेला जातं: 'पेला घट्ट धरला म्हणून निभावलं.' त्यामुळे भीती जिथल्या तिथे राहते.

म्हणून पहिलं काम आपल्या बचावाच्या क्रिया ओळखण्याचं. नेहमीच्या अशा: बोलण्याआधी माफी, 'मला फारसं कळत नाही, पण' अशी प्रस्तावना, मत सांगून लगेच हसणं, नजर फोनमध्ये, कोपऱ्यातली जागा, कुणी विचारायच्या आत स्वतःची थट्टा. सगळ्या एकदम सोडायला जाऊ नका. एका वेळी एक.

निशिगंध_७

शेवटची फार ओळखीची. स्वतःची थट्टा करणं ही बचावाची क्रिया असते हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग विनोदी स्वभावाच्या माणसाने काय करायचं?

पाऊलवाट

निशिगंध, विनोद सोडायचा नाही. तो केला नाही तर काय होईल असं वाटतं, एवढं बघायचं. 'काही नाही, मजा येते म्हणून करते' हे उत्तर असेल तर तो स्वभाव. 'दुसरं कुणी करायच्या आत मीच केलेली बरी' हे असेल तर ती ढाल.

आता लक्ष बाहेर वळवण्याचा सराव, कारण 'स्वतःकडे लक्ष देऊ नका' म्हटलं की पुन्हा टाचणीचं अस्वल. सुझन ब्योगेल्स यांनी यासाठी प्रशिक्षणाची पद्धतच बसवली आहे. लक्षाचे तीन वाटे धरायचे: स्वतःकडे, हातातल्या कामाकडे, आजूबाजूला. बेरीज शंभर. कुणालातरी दोन मिनिटं काहीही सांगायला लावायचं, आपण फक्त ऐकायचं. मग तीन आकडे लिहायचे आणि ऐकलेलं परत सांगायचं. स्वतःकडे ७० असेल तर परत सांगताना भोकं पडतात, लगेच कळतं. पुढच्या वेळी ऐकताना मुद्दाम स्वतःकडे लक्ष न्यायचं आणि तिथून परत बोलण्याकडे आणायचं. सराव आहे तो या परत आणण्याचा. लक्ष अजिबात न ढळणं कुणालाच जमत नाही. हे बिनधोक प्रसंगात अंगवळणी पडल्यावरच बैठकीत वापरायचं. पोहायला शिकताना कुणी पुराच्या पाण्यात उतरत नाही.

लेखणी

पाऊलवाट यांनी लिहिलंय त्याला वहीची जोड द्या. नाहीतर अनुभव येतात आणि वाहून जातात.

पान दोन भागांत. वरचा भाग प्रसंगाआधी, खालचा नंतर. नमुना देते:

प्रसंग: 'ही मुदत पाळता येणार नाही' असं बैठकीत सांगणार. भाकीत: कुणीतरी हसेल, प्रमुख मधेच तोडतील, नंतर कुणी माझ्याशी बोलणार नाही. खात्री ८० टक्के. सोडायची क्रिया: सुरुवातीची माफी.

झालं काय: कुणी हसलं नाही. प्रमुखांनी विचारलं, 'मग किती दिवस लागतील?' आकडा तयार नव्हता, अडखळलं. एकाने मान डोलावली. एक जण फोनमध्ये होता. बैठकीनंतर दोघांनी नेहमीसारख्या गप्पा मारल्या.

भाकीत असं हवं की कॅमेऱ्यात पकडता येईल. 'सगळ्यांना मी मूर्ख वाटेन' हे तपासता येत नाही. 'कुणीतरी हसेल' हे येतं. खालच्या भागातही तोच नियम. 'सगळे नाराज झाले' हा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. नोंदीत शब्द, हालचाली, कोण काय म्हणालं एवढंच. आणि वरच्या नमुन्यात खरी अडचण कुठली निघाली बघा. लोकांचं मत आडवं आलंच नाही, आकडा तयार नव्हता. ते पुढच्या वेळी सुधारता येतं.

मीमांसक

लेखणी, उत्तम. एक पुरवणी जोडतो. मिशेल क्रास्क आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडलेल्या दृष्टिकोनानुसार भीती ओसरेपर्यंत प्रसंगात बसून राहणं हा मुख्य मुद्दा नाही. अपेक्षा होती एक आणि घडलं वेगळं, हा फरक जितका ठळक, तितकं शिकणं पक्कं. म्हणून भाकीत आधीच लिहायला हवं, नाहीतर नंतर मन म्हणतं, 'मला माहीतच होतं काही होणार नाही.' शिवाय तोच प्रसंग त्याच लोकांत घोटत बसू नका. माणसं, जागा, वेळ बदलत राहा. एकाच खोलीत कमावलेली हिंमत त्या खोलीतच अडकून पडते.

क्रम लावण्यासाठी ० ते १०० अशी अस्वस्थतेची मोजपट्टी वापरतात. साधारण ३०-४०पासून सुरुवात करा. १०ला केलेल्या गोष्टीतून फारसं शिकायला मिळत नाही, आणि ९०ला उडी घेऊन मधूनच पळ काढला तर मनात धडा पक्का होतो तो पळ काढल्यामुळे वाचलो असा.

अवलिया

अल्बर्ट एलिस हे मानसोपचारतज्ज्ञ लोकांना मुद्दाम लाज वाटेल अशा गोष्टी करायला पाठवत. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवा, रेल्वेच्या डब्यात पुढच्या स्थानकाचं नाव मोठ्याने पुकारा. एकदा केलं की बाकी सगळं किरकोळ. वहीबिही कशाला?

टाचणी

त्याला अटी होत्या, अवलिया. कुणाला त्रास होता कामा नये, नोकरी जाईल असं काही नको. आणि केळं फिरवताना 'मी मूर्ख वागतोय म्हणून मी मूर्ख ठरत नाही' हा विचार जाणीवपूर्वक करायचा, तो खरा गाभा. नुसतं केळं फिरवून कुणी सुटत नाही. केळ्याला मात्र फिरायला मिळतं. :)

उंबरठा

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण मला गंभीर हरकत नोंदवायची आहे. 'भीती अवास्तव आहे' हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय. प्रत्येक वेळी ती अवास्तव नसते. 'स्वतःसारखं असणं' म्हणजे कुणासाठी टीशर्ट, तर कुणासाठी श्रद्धा उरली नाही हे घरी सांगणं, लैंगिक ओळख उघड करणं, ठरलेल्या वाटेचं शिक्षण किंवा लग्न नाकारणं. तिथे भाकीत खरं ठरू शकतं. घर जाऊ शकतं, पैसे बंद होऊ शकतात, मारहाण होऊ शकते. अशा माणसाला 'प्रयोग करून बघ' म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

तिथे आधी अवलंबित्व बघायचं. राहायची जागा कुणाच्या हातात, खर्च कोण करतं, महत्त्वाची कागदपत्रं कुणाच्या कपाटात, फोनचा पासवर्ड कुणाला माहीत. ही उत्तरं स्वतःच्या बाजूने वळवण्याचं काम आधी आणि उघड होणं नंतर. मूळ कागद स्वतःकडे, स्वतःच्या नावाचं खातं, दोन-तीन रात्री राहता येईल अशी एक पक्की जागा.

मग एकाच माणसाला सांगायचं. निवडताना 'मला कोण जवळचं' यापेक्षा 'दुसऱ्याचं गुपित याने माझ्यापाशी कधी फोडलंय का' हे बघा. फोडलं असेल तर तुमचंही फुटेल. त्याच विषयावरची एखादी बातमी काढून प्रतिक्रिया जोखता येते, पण लोक बातमीबद्दल एक बोलतात आणि घरच्या माणसाबद्दल दुसरं, हे लक्षात असू द्या. भांडणाच्या भरात कधीही सांगू नका. त्या वेळी ते शस्त्र म्हणून ऐकलं जातं. आणि न सांगता राहणं हा भ्याडपणा नाही. आपल्याबद्दल कुणाला, कधी, किती कळावं हे ठरवणं हासुद्धा स्वतःसारखं असण्याचाच भाग आहे.

सरळरेषा

उंबरठा, मनापासून धन्यवाद. 'धैर्य कमी, सराव जास्त' हे माझं विधान अशा परिस्थितीला लागू होत नाही. धाग्याच्या तीन प्रसंगांपुरतंच ते धरूया.

लेखणी

उंबरठा यांच्यामुळे वहीत एक प्रश्न वाढवायला हवा, तोही भाकिताच्या वर: 'हे खरंच झालं तर मी काय गमावेन आणि ते परत मिळवता येईल का?' उत्तर 'थोडा अवघडलेपणा' असेल तर प्रयोग. 'छप्पर' असेल तर तयारी.

गणिती

पहिल्या प्रसंगावर अजून कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५०च्या दशकातले रेषांचे प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतात आणि चुकीचे लक्षात असतात. समोरच्या तीन रेषांपैकी कुठली दिलेल्या रेषेएवढी, इतका सोपा प्रश्न. गटातले बाकीचे सगळे आधी ठरवून एकच चुकीचं उत्तर देणार. १८ फेऱ्यांपैकी १२मध्ये तसं केलं. साधारण एक तृतीयांश उत्तरं गटासारखी चुकीची आली, आणि जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवत गेले.

यावरून 'माणूस मेंढरू आहे' असा निष्कर्ष काढतात. पण दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि पाव लोक एकदाही झुकले नाहीत! त्याहून उपयोगाचं पुढे आहे. गटातल्या एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं की चुकांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. इतकंच काय, त्या एकाने बहुमतापेक्षाही जास्त चुकीचं उत्तर दिलं, तरी झुकणं बरंच घटलं. म्हणजे खरा दाब संख्येपेक्षा एकमुखीपणाचा असतो.

यातून दोन कामं निघतात. बैठकीआधी एकाशी बोलून ठेवा. त्याला तुमचं मत पटलंच पाहिजे असं नाही. 'मी हा मुद्दा काढणार आहे, तुला काय वाटतं तेही मोकळेपणाने मांड' एवढं पुरतं. आणि बैठक तुमच्या हातात असेल तर बोलणं सुरू व्हायच्या आत सगळ्यांना मत कागदावर लिहायला लावा. अ‍ॅश यांच्या प्रयोगातही उत्तर खाजगीत लिहायची मुभा मिळाल्यावर झुकणं पुष्कळ कमी झालं.

धूसर

शिवाय एकमत दिसतं ते खरंच असतं का? सगळे मनात साशंक, प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना पटलंय, म्हणून सगळे गप्प. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९३१मध्येच हे मांडलं होतं. प्रेंटिस आणि मिलर यांनी १९९३मध्ये विद्यापीठातल्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं: आपण जितके अस्वस्थ आहोत तितके बाकीचे नाहीत, असं बहुतेक विद्यार्थ्यांना वाटत होतं.

म्हणून थेट विरोध करायच्या आधी प्रश्न विचारून बघावा. 'याबद्दल कुणाला एखादी शंका आहे का' हा प्रश्न फुकट जातो, सगळे मान हलवून नाही म्हणतात. 'ही योजना फसली तर कुठे फसेल असं तुम्हाला वाटतं' असं विचारलं की शंका काढणं हेच काम होतं आणि तोंडं उघडतात.

गणिती

+१. हा प्रश्न वापरण्यासारखा आहे.

केतकी

नवीन ठिकाणी रुजू झालेल्यांसाठी एडविन हॉलंडर यांची १९५८ची मांडणी उपयोगी आहे. गटाच्या कामात हातभार लावून, लहानसहान रीती पाळून माणूस पत कमावतो, आणि वेगळं वागताना ती खर्च होते. पहिल्याच आठवड्यात पाच गोष्टींवर वाद घातला तर खर्चायला काही उरत नाही. वेळेवर येणं, दिलेला शब्द पाळणं यातून पत जमवा आणि जिथे खरंच महत्त्वाचं आहे तिथे वापरा.

अवलिया

आणि पत जमवता जमवता निवृत्त व्हायची वेळ येते! गप्प बसायला याहून चांगलं कारण नाही. सर्ज मॉस्कोविची यांनी १९६९मध्ये उलट दाखवलंय. सहा जणांच्या गटात दोघे निळ्या रंगाला सतत हिरवा म्हणत राहिले, तर बाकीच्यांची सुमारे आठ टक्के उत्तरं त्यांच्यासारखी झाली. ते दोघे अधूनमधून मत बदलायचे तेव्हा मात्र जेमतेम एक टक्का. वेगळं मत टिकतं ते सातत्यामुळे.

केतकी

अवलिया, हा प्रतिसाद आवडला. दोन्ही एकत्र बसतात: मुद्दे थोडे निवडा आणि निवडलेल्यावर डगमगू नका. गप्प बसण्याची मुदत मात्र ठरवून घ्यावी, तुमचं म्हणणं बरोबर आहे.

निशिगंध_७

थोडं अवांतर. स्वतःसारखं म्हणजे नक्की कोणासारखं? मित्रांत बडबडी, कामावर शांत, घरी चिडकी. यातली खरी कोण?

मीमांसक

सगळ्या. मार्क स्नायडर यांनी १९७४मध्ये प्रसंगाप्रमाणे वागणं जुळवून घेण्याच्या प्रवृत्तीवर काम केलं. काहींमध्ये ती जास्त असते, काहींमध्ये कमी. जास्त असणं म्हणजे ढोंग नव्हे. फ्लीसन आणि विल्ट यांना २०१०मध्ये आढळलं की अबोल स्वभावाच्या लोकांनाही मोकळेपणाने वागतानाच्या क्षणी जास्त 'आपल्यासारखं' वाटतं. त्यामुळे 'मी मुळात असाच आहे' म्हणून एकाच साच्यात बसून राहणं हा काही प्रामाणिकपणा नाही. वागण्याची ढब बदलली तर बिघडत नाही. शब्द, मूल्यं, दुसऱ्याला दिलेली वागणूक माणसागणिक बदलत असेल, तर तिथे थांबून बघायला हवं.

उंबरठा

आणि 'मी आहे हा असा' म्हणत उद्धटपणे वागणाऱ्यांना या धाग्याचा आधार मिळू नये. जनाची नाही तर मनाची तरी हवीच. आपल्या वागण्याने दुखावलेला माणूस सांगत असेल, तर ते 'लोक काय म्हणतील' या सदरात मोडत नाही. ते ऐकायचं असतं.

टाचणी

मग कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न येतो. तीन चाळण्या लावते. त्या माणसाला त्या विषयातलं कळतं का? माझ्या निर्णयाचा परिणाम त्याच्यावर होतो का? तो हे तोंडावर आणि नेमक्या शब्दांत सांगतो का? दोन जुळल्या तर नीट ऐकून घ्यायचं, पटो न पटो. एकही जुळत नसेल तर 'असं वाटतं होय' एवढं म्हणून विषय बदलायचा. उत्तर द्यायला गेलात की समोरच्याला वाटतं, निर्णय अजून व्हायचाय.

स्पष्टवक्ती

तिसरा प्रसंग राहिलाच. नाही म्हणताना लोक चुकतात ते कारणांच्या ढिगात. 'त्या दिवशी काम आहे' म्हटलं की समोरचा दिवस बदलून देतो. 'तब्येत बरी नाही' म्हटलं की पुढच्या आठवड्यात या म्हणतो. प्रत्येक कारण हा सोडवायचा प्रश्न होतो. आणि तीन कारणं दिलीत तर त्यातलं सगळ्यात लंगडं पकडून वाद होतो.

वाक्य छोटं ठेवा: 'विचारलंत ते बरं वाटलं, पण मला जमणार नाही.' इथे थांबा. पुढची शांतता तीन-चार सेकंदांची असते पण फार लांब वाटते, आणि तिथेच माणूस 'बरं, बघते' म्हणून घसरतो. ती शांतता तुम्ही भरायची नाही. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात, नवीन कारण न जोडता. 'बघते', 'प्रयत्न करते', 'नंतर कळवते' हे नकार नव्हेत, लांबवलेले होकार आहेत. खरंच विचार करायचा असेल तर वेळ सांगा: 'उद्या संध्याकाळपर्यंत सांगते.' आणि सांगा.

समोरचा नाराज होऊ शकतो. होऊ द्या. त्याची नाराजी दूर करणं हा तुमच्या नकाराचा भाग नाही.

निशिगंध_७

'लांबवलेले होकार'! हे जपून ठेवते.

गणिती

समाजमाध्यमांबद्दल दोन ओळी. तिथे लोकांचं मत आकड्यात मिळतं आणि दर मिनिटाला बदलतं, म्हणून काटा स्थिरच होत नाही. इन्स्टाग्रामवर २०२१पासून लाइकचे आकडे लपवता येतात. लपवा. आणि टाकल्यानंतर पुन्हा कधी उघडायचं ती वेळ टाकायच्या आधी ठरवा.

पाऊलवाट

एक गोष्ट राहून जायला नको. संकोच इतका असेल की माणूस परीक्षा, मुलाखती, फोन, चारचौघांत खाणं टाळतोय, आणि हे सहा महिने किंवा जास्त चाललंय, तर तो सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. तिथे वहीवर थांबू नका. यावरचा सगळ्यात चांगला तपासलेला उपचार म्हणजे वैयक्तिक बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारा, एकट्यासोबत केलेला मानसोपचार. उपचार करणाऱ्याला सरळ विचारा, 'बचावाच्या क्रिया सोडून प्रत्यक्ष प्रयोग आणि लक्ष बाहेर वळवण्याचा सराव करून घ्याल का?' नुसतं बालपणाबद्दल बोलत राहणं किंवा दीर्घ श्वास शिकवणं याच्यापुरतं ते राहू नये.

सरळरेषा

आता परत पहिल्या प्रसंगावर. समजा बैठक दोन दिवसांवर आहे. इथलं सगळं एकदम करणं शक्य नाही. काय करायचं आणि काय सोडायचं?

लेखणी

लक्षाचा सराव दोन दिवसांत पक्का होणार नाही, तो वेगळा चालू ठेवा. बैठकीसाठी एका माणसाशी आधी बोलणं, वहीत भाकीत आणि पहिलं वाक्य, एवढंच. पहिलं वाक्य शब्दशः लिहा, बाकीचं मुद्द्यांत. 'माझं मत वेगळं आहे. मुदत पंधरा दिवसांनी वाढवायला हवी, कारण तपासणीला वेळच ठेवलेला नाही.' मत, आकडा, कारण. 'कदाचित मी चुकत असेन' नको. चर्चेच्या पहिल्या टप्प्यातच बोला. जितकं थांबाल तितकी एकेक मान डोलावली जाते आणि दाब वाढतो.

धूसर

आणि आवाज थरथरला तर?

कुतूहल

थरथरू दे. धडधड आणि कंप आपल्याला आतून जितका जाणवतो तितका बाहेर दिसत नाही. साविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३मध्ये भाषण करणाऱ्यांना आधी हेच समजावून सांगितलं, तर ज्यांना सांगितलं होतं त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. बोलायच्या आधी एकदा हे मनाशी म्हणा आणि नजर मुद्द्यावर ठेवा. वाक्य तुटलं तर माफी न मागता तिथूनच पुढे.

पाऊलवाट

वहीतला खालचा भाग मात्र बैठक संपल्यावर तासाभरात लिहा, रात्रीवर ढकलू नका. रात्री अंथरुणावर मन प्रसंग पुन्हा चालवून बघतं आणि त्यात घडलेल्यापेक्षा आधी वाटलेल्या भीतीचीच चित्रं जास्त मिसळतं. सकाळपर्यंत 'एकाने मान डोलावली' हे गळून जातं आणि 'अडखळलं' तेवढं उरतं. लिहून ठेवलं असेल तर तो विचार आल्यावर वाद न घालता पान उघडायचं.

सरळरेषा

पहिलं वाक्य लिहिलं. आकडा अजून पक्का नाही, आज तो काढतो.